जुना टीव्ही: चित्र एका जागी, आवाज दुसऱ्या जागी. कॉइल फिरवण्याआधी काय काय बघायचं

लक्षणं आधी सांगतो, तुमच्या सेटला यातलं नेमकं काय होतंय ते बघा आणि कागदावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

- फाइन ट्यूनिंगचा नॉब फिरवताना जिथे चित्र छान येतं तिथे आवाज जातो, आणि जिथे आवाज स्वच्छ तिथे चित्र फिकट किंवा मुंग्यांनी भरलेलं.
- कुणी मोठ्याने बोललं किंवा गाणं लागलं की त्या तालावर चित्रात आडव्या पट्ट्या हलतात.
- पडद्यावर पांढरी अक्षरं आली की स्पीकरमधून घर्रर्र, अक्षरं गेली की बंद.
- चित्र आहे पण पुसट, केस-डोळे वेगळे दिसत नाहीत, किंवा प्रत्येक उभ्या कडेच्या उजवीकडे दोन-तीन बारीक सावल्या.
- चालू केल्यावर सगळं ठीक, पाव तासात चॅनल सरकतो.
- रंगीत सेट असेल तर चित्र-आवाज बरे पण रंग येतो जातो.

मी गोव्यात डिचोली-फोंडा भागात ओळखीपाळखीच्या लोकांचे जुने सेट बघतो. चवथीच्या आधी घर आवरायला घेतलं, माळ्यावरचा सेट खाली आला, लावून बघितला की हीच तक्रार दरवर्षी येते आणि माणूस सेट दाखवतानाच सांगतो, अलाइनमेंट (आतल्या कॉइलची जुळणी) गेलंय, कॉइल तेवढे ट्यून करून द्या. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, त्याच्या आत फिरवता येणारा छोटा कोअर (गाभा) असतो, तो आत-बाहेर केला की फ्रीक्वेन्सी बदलते. माझं म्हणणं एवढंच आहे की कॉइल स्वतःहून फिरत नाही. कारखान्यात बसवलेला कोअर मेणाने किंवा रबराच्या धाग्याने घट्ट धरलेला असतो, चाळीस वर्षं तो तिथेच असतो. सरकतं काय, तर कॉन्टॅक्टवर गंज चढतो, कपॅसिटर बिघडतो, सप्लायचे व्होल्ट घसरतात, आणि नाहीतर आधी कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घातलेला असतो. म्हणून कॉइल सगळ्यात शेवटी.

थोडं गणित, कारण याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडच्या व्हीएचएफ (खालच्या चॅनलच्या) पद्धतीत एका चॅनलला ७ मेगाहर्ट्झ जागा असते आणि चित्राच्या कॅरिअरपासून (चित्र वाहून नेणाऱ्या लहरीपासून) आवाजाचा कॅरिअर बरोबर ५.५ मेगाहर्ट्झ वर. उदाहरणार्थ चॅनल ४, चित्र ६२.२५ आणि आवाज ६७.७५. ट्यूनर म्हणजे चॅनल निवडणारा भाग, त्यातला ऑसिलेटर (स्वतःची लहर तयार करणारं सर्किट) हे दोन्ही खाली आणतो, चित्र ३८.९ ला आणि आवाज ३३.४ ला, त्याला आयएफ म्हणजे मधली फ्रीक्वेन्सी म्हणतात. पुढे डिटेक्टरमध्ये (आयएफमधून चित्र वेगळं काढणाऱ्या भागात) या दोघांतला फरक ५.५ मेगाहर्ट्झ म्हणून निघतो आणि आवाजाचा भाग त्याच्यावरच चालतो.

यातून एक फार कामाची गोष्ट निघते. फाइन ट्यूनिंग फिरवलं की चित्र आणि आवाज दोन्ही एकत्र सरकतात, त्यांच्यातलं ५.५ चं अंतर तुमचा सेट बदलूच शकत नाही, ते सिग्नल पाठवणाऱ्याने ठरवलेलं असतं. तर मग असं बघा. नॉब कुठेही ठेवला तरी आवाज खराबच, तर दोष सिग्नलमध्ये किंवा ५.५ च्या भागात. नॉब एका टोकाला पार टेकला तरी चॅनल अजून पुढेच आहे असं वाटतं, तर ऑसिलेटर. आणि चित्राची जागा एक आणि आवाजाची दुसरी असं स्पष्ट होतंय, तर एकतर सिग्नल कमजोर किंवा आयएफ. हे पाच मिनिटं नॉब फिरवून कळतं, पैसा लागत नाही, सेट उघडावा लागत नाही.

सेटच्या बाहेर काय बघायचं

पणजीत आल्तिनोला दूरदर्शन केंद्र आहे म्हणून कौलावरचा जुना अँटेना तिकडे तोंड करून लावला तरी आता हवेतून अ‍ॅनालॉग सिग्नल मिळायचा नाही, तो जमाना गेला. म्हणजे तुम्ही सेट टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर आणि मध्ये आरएफ मॉड्युलेटर, म्हणजे चित्र-आवाज टीव्हीच्या चॅनलवर चढवणारी डबी, लावला असणार. सगळ्यात जास्त भानगड याच डबीत असते.

मॉड्युलेटरला पद्धत निवडायची सोय असते, ४.५, ५.५, ६.० किंवा ६.५, काहींवर बीजी, आय, डीके, एम अशी अक्षरं. आपल्याला बीजी, म्हणजे ५.५. दुसरं काहीही असेल तर चित्र सुंदर आणि आवाजाच्या जागी नुसतं फुसफुस, आणि जगातला कुठलाही कॉइल फिरवून ते सुटणार नाही, सुटल्यासारखं वाटलं तर सेट कायमचा बिघडवलात असं समजा. अमेरिकेहून कुणी आणलेल्या गेमबरोबर आलेली डबी असेल तर अजूनच फसगत, कारण अमेरिकन चॅनल ३ चं चित्र ६१.२५ वर असतं, ते आपल्या चॅनल ४ च्या इतकं जवळ आहे की फाइन ट्यूनिंगने चित्र पकडलं जातं, आवाज मात्र ४.५ वर असतो. मग माणूस म्हणतो सेटचा आवाज गेला.

दुसरं, तुमचा सेट फक्त व्हीएचएफ आहे का बघा. एशियाडच्या म्हणजे १९८२ च्या आसपासचे पुष्कळ ब्लॅक अँड व्हाइट सेट २ ते १२ चॅनलचेच असतात, आणि मॉड्युलेटर यूएचएफचा (वरच्या चॅनलचा) असेल तर काही दिसायचंच नाही.

आता ती पांढऱ्या अक्षरांची घरघर. आपल्या पद्धतीत चित्राचं मॉड्युलेशन उलटं असतं, काळ्याला कॅरिअर जास्त आणि पांढऱ्याला कमी. एकदम पांढऱ्यालासुद्धा साधारण १० टक्के कॅरिअर शिल्लक ठेवायचा असतो, कारण आवाजाचा ५.५ तयार व्हायला चित्राचा कॅरिअर लागतो. बॉक्समधून व्हिडिओ जास्त जोरात आला की पांढऱ्या अक्षरांच्या जागी तो कॅरिअर शून्यावर जातो, तेवढ्या क्षणापुरता आवाजाचा आधारच नाहीसा होतो, आणि हे प्रत्येक फ्रेममध्ये होतं म्हणून कानाला घर्रर्र ऐकू येतं. बातम्यांची खालची पट्टी, मालिकेची नामावली, क्रिकेटचा स्कोअर, तिथे हमखास. खात्री करायची तर बॉक्सच्या मेनूत ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट असेल ते कमी करा, किंवा मॉड्युलेटरवर व्हिडिओ लेव्हलचा प्रीसेट असेल तो थोडा कमी करा. घरघर गेली की सेट निर्दोष आहे. चित्र काळं असतानाही घरघर तशीच राहते आणि आवाज सपाट हुंकारासारखा आहे, तर तो सप्लायचा हम, त्याचं पुढे बोलू.

तिसरं, सिग्नल जास्त जोरात नको. डबी आणि सेटमध्ये एक मीटर वायर असते, जुन्या सेटचा ट्यूनर लांबच्या कमजोर सिग्नलसाठी केलेला, एवढा जोराचा सिग्नल आला की चित्र वाकतं, सिंक तुटतो म्हणजे चित्र स्थिर राहत नाही, आवाज घरघरतो. केबलवाल्यांकडे सिग्नल कमी करणारा दहा-वीस डीबीचा अ‍ॅटेन्युएटर अगदी स्वस्तात मिळतो, लावून बघा. आणि मागे चपटी ३०० ओहमची रिबन वायर लागत असेल तर ७५ ओहमच्या केबलला मध्ये बलून (दोन्ही वायरी जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) हवा. समुद्राकडच्या घरात त्या बलूनचे पितळी स्क्रू हिरवे पडलेले असतात, ते घासा किंवा बलूनच बदला.

शक्य असेल तर हीच डबी आणि हीच वायर दुसऱ्या कुठल्याही टीव्हीला लावा. तिथेही तोच दोष दिसला तर तुमचा सेट बंद करून बाजूला ठेवा, काम बाहेरच आहे.

मागचं झाकण उघडण्याआधी

इथे गंमत नाही. पिक्चर ट्यूबवर लाल-काळ्या रबरी टोपीखाली ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दहा-पंधरा हजार व्होल्ट आणि रंगीतमध्ये पंचवीस हजारापर्यंत असतात, आणि सेट बंद केल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते. त्या टोपीजवळ हात न्यायचाच नाही, आपल्या कामात त्याची गरजही नाही. ट्यूबच्या बारीक मानेला धक्का नको, तिथून काच फुटते. सप्लायचा मोठा कपॅसिटरसुद्धा प्लग काढल्यावर बराच वेळ शॉक देऊ शकतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुष्कळ सेटची चेसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) थेट मेनशी जोडलेली असते, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. चेसिसला टेस्टर लावा, प्लग उलटा करून पुन्हा लावा. कुठल्याही बाजूने टेस्टर पेटला तर सेट मेनपासून वेगळा करणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय चालू सेटमध्ये हात घालू नका आणि ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप तर अजिबात लावू नका. ओल्या जमिनीवर, अनवाणी, पावसाळ्यात हे काम करायचं नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल आणि चालू सेटवर मीटर लावायची सवय नसेल तर सेट बंद ठेवून करायचं तेवढं करा आणि पुढचं मेकॅनिककडे द्या.

ओल, गंज, सोल्डर

पहिलं काम कोरडं करणं. जून ते सप्टेंबर माळ्यावर बंद राहिलेल्या सेटमध्ये ओल मुरलेली असते, कॉइलच्या फॉर्मरवर आणि पीसीबीवर बुरशीचा पांढरट थर दिसतो. ओल्या धुळीतून करंट गळतो आणि कॉइलचा क्यू पडतो, म्हणजे त्याची धार जाते आणि चित्र-आवाज दोन्ही मंद होतात. मऊ ब्रशने धूळ काढा, झाकण उघडं ठेवून दोन-चार दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा, लगेच चालू करू नका. पालींची अंडी, मुंग्यांची माती, कुंभारमाशीची घरं हेही निघतं.

मग ट्यूनर. खट-खट करत फिरणारा टर्रेट ट्यूनर असेल तर आत ड्रमवर प्रत्येक चॅनलची एक पट्टी असते, मेकॅनिक तिला बिस्किट म्हणतात, आणि तिचे चांदीचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्ट खाऱ्या हवेत काळे पडतात. नॉब जरा दाबून किंवा हलवून धरला की चित्र सुधारतं, सोडला की जातं, तर हाच दोष. सेट बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि नॉब पंचवीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. रॉकेल नको, खोबरेल तर नकोच, पॉलिश पेपरही नको, मुलामा एकदा गेला की परत येत नाही. चॅनल सरकण्याच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात.

बटणांचा व्हॅरॅक्टर ट्यूनर, म्हणजे व्होल्टने ट्यून होणारा, असेल तर त्याला जवळपास ३३ व्होल्टचा पक्का सप्लाय लागतो, ट्यूनिंग त्याच्यातूनच मिळतं. डिजिटल मीटर लावून सेट गार असताना आणि अर्ध्या तासाने असं दोनदा मोजा. ३३ चे ३१ झाले किंवा आकडा हलत राहिला तर चॅनल सरकणारच, कॉइलचा काहीही संबंध नाही. ३३ ठीक आणि ट्यूनिंगच्या पिनवरचे व्होल्ट घसरतात, तर प्रीसेट किंवा त्या लाइनवरचा गळका कपॅसिटर. तसंच ट्यूनर आणि आयएफला जाणारी साधारण १२ व्होल्टची लाइन सर्किटच्या नकाशाप्रमाणे आहे का बघा. मघाशी म्हटलं तो सपाट हम, आणि त्याच्याबरोबर चित्रात हळूहळू वर सरकणारी रुंद काळसर पट्टी, असं असेल तर फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक सुकलाय, बदला.

ट्यूनरच्या आणि आयएफ कॅनच्या (कॉइलवरच्या पत्र्याच्या डबीच्या) पायांना सोल्डर तडकतं, भिंगातून गोल रेघ दिसते. लाकडी काडीने हळूच टकटक करा, चित्र हललं तर नव्याने सोल्डर.

याच वेळी कॅनच्या वरच्या भोकातून टॉर्च मारून बघा. मेण अखंड आहे का, कोअरची खाच शाबूत आहे का. मेण उकरलेलं, खाचेचे तुकडे उडालेले दिसले तर कुणीतरी आधी फिरवून गेलंय, आणि मग चित्राची जागा वेगळी-आवाजाची वेगळी ही तक्रार खरोखर आयएफची असू शकते.

आता कॉइल, पण फक्त तीन

सेटच्या सर्किटचा नकाशा मिळवा, कॅनचा नंबर सर्किटशी जुळवा, अंदाजाने नाही. प्लॅस्टिकचं अलाइनमेंट टूल घ्या, खाचेत नेमकं बसणारं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर जवळ नेला की कॉइलचं इंडक्टन्सच बदलतं, म्हणजे टूल आत असताना बरोबर आणि काढल्यावर चूक, शिवाय फेराइट काचेसारखा ठिसूळ, एकदा आत तडकला की निघत नाही. सुरू करण्याआधी कोअरची स्थिती मार्करने खूण करून फोटो काढा. सेट अर्धा तास तापू द्या. पाव फेऱ्याहून जास्त फिरवावं लागलं तर थांबा, कॉइल सोडून दुसरं काहीतरी बिघडलंय.

पहिला, चॅनलचा ऑसिलेटर. टर्रेट ट्यूनरमध्ये पुढचे नॉब काढले की स्पिंडलच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यातून चालू चॅनलच्या बिस्किटाचा कोअर दिसतो. फाइन ट्यूनिंग बरोबर मध्यावर ठेवा आणि कोअर अगदी हळू फिरवा. बहुधा तो पितळी असतो, पितळ आत गेलं की फ्रीक्वेन्सी वाढते, फेराइटच्या उलट. ऑसिलेटर वर सरकवत नेला की आवाजाच्या पट्ट्या चित्रात दिसायला लागतात, कारण ३३.४ चा आवाज त्याच्या जागेवरून चित्राच्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात घुसतो. पट्ट्या दिसल्या की मागे या, त्या जेमतेम नाहीशा होतील तिथे थांबा. त्याहून मागे गेलात तर चित्र ठळक होतं पण बारकावे पुसट होत जातात आणि आवाज बुडतो. हीच जागा, आणि ती कंपनीच्या सर्व्हिस शीटमध्येही याच पद्धतीने सांगितलेली असते.

दुसरा, आवाजाचा ५.५ चा कॉइल. टीबीए १२० किंवा सीए ३०६५ जातीचा आयसी असेल तर त्याच्याशेजारी एकच कॅन असतो. बोलण्याचा कार्यक्रम लावा, सिग्नल अ‍ॅटेन्युएटरने इतका कमी करा की थोडी फुसफुस ऐकू येईल, मग फुसफुस आणि घरघर सगळ्यात कमी आणि बोलणं स्वच्छ येईल तिथे ठेवा. जोराच्या सिग्नलवर ही जागा सापडत नाही कारण आयसी सगळे दोष दाबून टाकतो. कोअर पूर्ण आत नेला तरी आवाज अजून सुधारतच राहतो, शिखर सापडतच नाही, तर कॅन काढून उलटा करून बघा. तळाला खाचेत एक छोटा नळीसारखा कपॅसिटर असतो, चांगला असेल तर फिकट आणि स्वच्छ, गेलेला असेल तर चांदीचा थर काळा पडून काठाने पसरलेला दिसतो. दमट हवेत हे फार होतं. तो काळजीपूर्वक काढून टाका आणि पीसीबीच्या मागून सर्किटमध्ये लिहिलेल्या किमतीचा एनपीओ सिरॅमिक लावा, साधा डिस्क नको कारण तो तापमानाने सरकतो. नंतर कोअर मूळ खुणेच्या आसपासच जुळतो.

तिसरा, व्हिडिओच्या वाटेतला ५.५ चा ट्रॅप, म्हणजे ती फ्रीक्वेन्सी अडवणारा कॉइल. चित्रावर बारीक दाणेदार जाळी दिसत असेल तर ती सगळ्यात कमी दिसेल तिथे ठेवा, बस.

इथे थांबायचं

३८.९ च्या आयएफच्या रांगेतल्या कॉइलना हात लावू नका. इथे लोक एकच चूक करतात, प्रत्येक कोअर कॉन्ट्रास्ट वाढेपर्यंत फिरवतात, रेडिओसारखा. रेडिओत सगळे आयएफ एकाच जागी टोकावर आणायचे असतात, टीव्हीत नाही. इथे चित्राला पाच मेगाहर्ट्झ रुंदी हवी, म्हणून एक कॉइल खालच्या बाजूला, एक मध्ये, एक वरच्या बाजूला मुद्दाम वेगवेगळे ट्यून केलेले असतात, चार माणसांनी जाजम चार कोपऱ्यांतून ताणून धरल्यासारखं. सगळे एकाच जागी आले की चित्र ठळक दिसतं पण बारकावे जातात, कडांना सावल्या येतात, आणि फारच जोर झाला तर आयएफ स्वतःच ऑसिलेट होऊन पडदा पांढरा नाहीतर काळा पडतो. रंगीत सेटमध्ये सगळ्यात आधी रंग जातो, कारण तो ३४.४७ वर म्हणजे पट्ट्याच्या अगदी काठाला असतो.

आणि ३८.९ चा चित्राचा कॅरिअर तर टोकावर नसतोच, तो उतारावर बरोबर अर्ध्या उंचीला बसवायचा असतो. कारण प्रक्षेपणात एक साइडबँड (कॅरिअरच्या एका बाजूचा सिग्नल) पूर्ण आणि दुसऱ्याचा थोडाच भाग पाठवत असत, सिग्नलचा खालच्या फ्रीक्वेन्सीचा भाग त्यामुळे दोनदा येतो, तो अर्धा-अर्धा घेतला की बेरीज बरोबर होते. आवाजाचा ३३.४ खूप खाली, जेमतेम पाच टक्क्यांवर. शेजारच्या चॅनलसाठी ४०.४ आणि ३१.९ ला ट्रॅप. हा आकार डोळ्यांनी आणि कानांनी जुळत नाही. त्याला वॉब्युलेटर (फ्रीक्वेन्सी सतत खाली-वर करत सिग्नल देणारं यंत्र), मार्कर आणि तो आकार म्हणजे वक्र दाखवणारा स्कोप लागतो, एजीसी (सिग्नलप्रमाणे गेन आपोआप कमी-जास्त करणारा भाग) बॅटरीने बांधून ठेवावा लागतो, नाहीतर तुम्ही कोअर फिरवाल तसा एजीसी गेन बदलून वक्र खोटा दाखवतो. हल्ली नॅनो व्हीएनए या छोट्या मोजणीच्या यंत्रावरही वक्र छान दिसतो, पण अ‍ॅटेन्युएटर, डीसी अडवणारा कपॅसिटर आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावूनच, नाहीतर सेट आणि मीटर दोन्ही जातील. सेटमध्ये सॉ फिल्टर (कारखान्यातच आकार पक्का केलेला आयएफ फिल्टर) असेल तर फिरवायला फारसं काही नाहीच, डिमॉड्युलेटर आणि एएफसीचा (चॅनल आपोआप जागेवर धरणाऱ्या भागाचा) कॉइल तेवढा, तोही मोजूनच.

म्हणून मेण उकरलेलं दिसलं, तुटलेला कोअर आत अडकलेला दिसला, चेसिस लाइव्ह आहे, किंवा वरचं सगळं करूनही चित्र-आवाजाच्या जागा जुळत नाहीत, तर माणूस बोलवा. म्हापशाला, मडगावला, फोंड्याला टीव्हीच्या त्या काळापासूनचे मेकॅनिक अजून आहेत, फोनवर एकच विचारा, आयएफ वॉब्युलेटरवर करता की चित्र बघून? चित्र बघून म्हणाले तर सेट देऊ नका. देताना सर्किट, सुरुवातीला लिहिलेली लक्षणं, कोअरचे फोटो आणि तुमचा मॉड्युलेटर सोबत द्या, त्याच्याकडे दुसरा सिग्नल असेल तर तुमच्या घरचा दोष तिथे दिसायचा नाही. आणि सेट परत आल्यावर कोअर मेणाने नव्याने बंद केलेत का ते टॉर्च मारून बघून घ्या.